डाव्या गालातला दाणा

“जपून हं! यात मी आहे.”

लिफ्टच्या दारात टक्कर झाली तेव्हा त्याच्या हातात इवलीशी बाटली होती. तिच्या तळाशी वाटाण्याएवढा फिकट तुकडा... त्याच्याच डाव्या गालातून नुकतीच काढलेली गाठ! गाल बधिर असल्यामुळे रेडिओवरचा हा निवेदक चक्क बोबडं बोलत होता. तिला हसू आवरेना.

तळघरातल्या प्रयोगशाळेत ती तोंडातल्या साध्या गाठी तपासायची. पेशींना ‘वाढा’ असा निरोप देणारं प्रथिन, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, जिथे असेल तिथे गाठीचा पातळ काप लावलेली काच तपकिरी व्हायची. त्याची काच जेमतेम रंगली. विषय संपला, असं तिला वाटलं.

चार महिन्यांनी तो दुसरी बाटली घेऊन आला. मग तिसरी.

“अहो, छंद आहे की काय तुम्हाला?”

“तुम्हाला भेटायला दुसरं निमित्त—” तो थांबला. डावा गाल आत ओढला गेला. “रिपोर्ट कधी?”

“परवा चारला,” ती म्हणाली. आणखी काही म्हणायचं होतं... राहून गेलं.

तिसरी काच गडद तपकिरी निघाली. तिने तिन्ही काचा शेजारी ठेवल्या. तोच आकार, तीच खाच, त्याच जागी! कापून टाकलेलं काहीतरी वाट शोधत परत येत होतं. त्या गार खोलीत तिला एकटं बसवेना.

“गाठ साधीच आहे गं,” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. “पण कोणीतरी तिला सारखं ‘वाढ’ म्हणतंय. चौथ्यांदा आली तर खोलवर कापावं लागेल. ओठाची नस दुखावली, तर निवेदन कसलं करतोय तो!”

त्याचा तो आवाज... नकळत तिची जीभ स्वतःच्या डाव्या गालाकडे गेली.

तिथे एक दाणा होता. त्याच जागी.

अंगावर सर्रकन काटा आला. लागण? छे, अशा गाठी लागत नाहीत! तिने आरशात गाल उलटून पाहिला. दाण्याभोवती दातांचे वळ होते... तिच्याच दातांचे. आणि एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ‘वाढ’ म्हणणारे दातच होते!

चार वाजता तो आला.

“गाल चावता ना तुम्ही?”

तो ओशाळला. “...हो.”

“कधी?”

“तुमची आठवण आली की.”

“म्हणजे कधी?”

“दिवसभर.”

तिचे कान तापले. त्याचा गाल पुन्हा आत जाऊ लागला.

“सोडा तो!” ती ओरडलीच. “जे काय आहे ते बोलून टाका एकदाचं. चौथी बाटली मला बघवणार नाही.”

“तुम्ही मला... फार आवडता.”

सवयीने तिचा गाल दातांखाली सरकला. दाणा सापडला... आणि तिने तो सोडून दिला.

“तुम्हीही मला,” ती म्हणाली.