उभ्या जहाजाचं क्षेपणास्त्र

"चुकलं! पुन्हा चुकलं!" गुंडूने टेबलावर थाप मारली. पडद्यावर शत्रूचं अंतराळजहाज आरामात निसटलं आणि त्याच्यावर सोडलेलं क्षेपणास्त्र कुठल्या कुठे जाऊन विझलं.

"गोगलगायसुद्धा याच्यापुढे जाईल!" चष्मिस खिदळला.

भिंगरी हसली नाही. ते क्षेपणास्त्र तिच्या दादाने बनवलं होतं. गेम बनवणाऱ्या या ऑफिसात तो कामाला होता आणि दोनच महिन्यांपूर्वी आजारपणात गेला. नवा गेम खेळून बघायला सुट्टीतली मुलं हवी होती, म्हणून ती या दोघा मित्रांना घेऊन आली होती. आई आली होती दादाचं टेबल रिकामं करायला.

"सोडा रे ते," गेम तपासणारे काका म्हणाले. "लेझर वापरा. क्षेपणास्त्र उद्या काढूनच टाकतोय. शेवटी शेवटी बिचाऱ्याचं डोकं चालत नव्हतं."

पलीकडे दादाचा कप कागदात गुंडाळणाऱ्या आईचे हात थांबले. भिंगरीला तर रडूच कोसळणार होतं. दादा तर गेलाच, आता त्याची हुशारीही पुसून टाकणार?

काका जेवायला गेले तशी ती डोळे पुसून म्हणाली, "दादा असा चुकणार नाही. पुन्हा सोडा, आणि नीट बघा!"

चष्मिसने पडद्याला नाक लावलं. "अगं, ते भलतीकडे जात नाहीये! शत्रूचं जहाज आत्ता आहे तिथे नाही, थोड्या वेळाने जिथे पोहोचेल तिथे निघालंय!"

"मग पोहोचत का नाही?"

"वेग कमी पडतो. वाटेतच इंधन संपतं."

"म्हणजे काकांचं खरंच होतं?" गुंडू हळूच म्हणाला. भिंगरीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने जीभ चावली.

तेवढ्यात तिला पडद्याच्या कोपऱ्यात एका पर्यायापुढे बरोबरची खूण दिसली. 'आपले जहाज जागेवर ठेवा.' काका प्रत्येक शस्त्र असंच तपासायचे, जहाज एका जागी खिळवून. काम झटपट उरकायचं ना!

"गुंडू, तू उभ्याउभ्या बॉलिंग करतोस?"

"वेडी का तू? रन-अप घेतल्याशिवाय बॉलला वेग कुठून..." गुंडूचं तोंड उघडंच राहिलं. "अरेच्चा!"

भिंगरीने खूण काढली. आपलं जहाज सुसाट सोडलं आणि ऐन वेगात क्षेपणास्त्र डागलं. जहाजाचा वेग त्यालाही मिळाला! शत्रूने वळण घेतलं, तेही वळलं, आणि पडदा लखलखून गेला!

काका परतले तेव्हा तिघं अगदी साळसूद चेहऱ्याने बसली होती.

"काका, तुम्ही शत्रू व्हा ना! पळून दाखवा आमच्यापासून!"

"त्यात काय! डोळे मिटून पळतो!"

काका डावीकडे पळाले, उजवीकडे पळाले, गिरकी घेतली. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या जहाजाच्या ठिकऱ्या उडाल्या. टाळ्या ऐकून ऑफिसच्या मॅडम धावत आल्या. चष्मिसने सगळं समजावून सांगितलं, तसा काकांचा चेहरा उतरला.

"शाब्बास रे मुलांनो!" मॅडम म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं उद्या केवढी चूक करून बसलो असतो! क्षेपणास्त्र राहील, आणि दादाचं नावही."

काका आईसमोर जाऊन उभे राहिले. "वहिनी, मी नको ते बोललो. माफ करा. त्याचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. भिंगरीला वाटलं, जिंकलो! पण ते हसू टिकलं नाही. आई दादाच्या खुर्चीत मटकन बसली.

"म्हणजे त्याला सगळं कळत होतं," ती म्हणाली. "मी रोज सांगायचे, बरा होशील हं तू. आणि तो रोज म्हणायचा, हो आई."

भिंगरीच्या हे मनातसुद्धा आलं नव्हतं. ती धावत गेली आणि आईच्या कुशीत शिरली.