लाल दिवा आणि बानित्सा

बेकरीच्या काचेमागे बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पापुद्र्यांचा, एकच ट्रे उरला होता, आणि रलित्साच्या पुढे उभा असलेला उंच मुलगा तो अख्खाच्या अख्खा बांधून घेत होता. बाहेर भुरभुर पाऊस, पोटात कावळे, आणि त्या गरम चीजचा वास... तिला राहवलं नाही.

"एक तरी ठेवा की मागच्यांसाठी."

"ठेवली असती हो, पण शिक्षा भोगतोय." तो वळून हसला. "काल नव्या नोकरीचा पहिलाच दिवस होता — आणि मी बिल्ड मोडलं."

रलित्सानं ओठ चावून हसू दाबलं. प्लोवदिव शहरात अशी शिक्षा देणारं ऑफिस एकच होतं, आणि ती शिक्षा तिनंच ठरवली होती. काल ती रजेवर होती, एवढंच.

बसमधल्या तिकीट यंत्रांचं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवत. सगळ्यांचा कोड एका जागी जमा व्हायचा, त्यातून नवं बिल्ड तयार व्हायचं, आणि रलित्सा त्याला पुढचा नंबर द्यायची. कुठल्या बसमध्ये कितव्या नंबरचं बिल्ड आहे, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. कुणाचा अर्धाकच्चा कोड आत शिरला की बिल्ड मोडायचं आणि फडताळावरचा लाल दिवा पेटायचा. मग ज्याची चूक त्यानं स्वतःच्या हातानं, भिंतीवरच्या पडद्यावर दिसेल असं, कारण नोंदवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बानित्सा आणायची. नोंद एकदा झाली की झाली. ती पुसायची सोय रलित्सानं ठेवलीच नव्हती.

मुलाचं नाव झिवको. गाव रुसे, डॅन्यूबच्या काठचं. ऑफिसात तो बिल्ड मोडतच राहिला... कधी एखादा कंस राहायचा, कधी एखादी फाइल जोडायची राहायची. दिवा पेटला की रलित्सा कानातले हेडफोन काढून तणतणत त्याच्या टेबलाशी जायची. जाताना रागात असायची, येताना मात्र गालातल्या गालात हसत यायची. सगळं ऑफिस बानित्सा खाऊन गुबगुबीत होत चाललं होतं.

एक मार्चला सगळ्यांनी एकमेकांच्या मनगटावर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे धागे बांधले. झिवकोला रलित्सानं बांधला. पहिलं फुललेलं झाड दिसलं की धागा सोडून त्या झाडाला बांधायचा, ही रीत. खिडकीबाहेरचा आलुबुखार पांढराशुभ्र फुलला, सगळ्यांची मनगटं मोकळी झाली... झिवकोचा धागा तसाच.

"डोळे फुटले का तुझे?" तिनं विचारलं. "झाड बघ ना समोर."

"कुठलं झाड? मला तर एक फूलही दिसत नाही."

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला रागही आला.

पण मग पेन्कानं, म्हणजे त्यांच्या प्रमुखबाईंनी, तिला बाजूला घेतलं. झिवकोच्या उमेदवारीची मुदत शुक्रवारी संपत होती. तोवर आणखी एकदा लाल दिवा पेटला, तर त्याला रुसेची गाडी धरावी लागेल, असं पेन्का म्हणाली. गमतीत नव्हती.

रलित्सा तडक जागेवर परतली. तिनं त्याच्या जुन्या नोंदी चाळल्या, आणि चाळता चाळता तिचे कान तापले. पहिल्या दिवसाची चूक खरी होती. पण त्यानंतर ती रजेवर असताना दिवा एकदाही पेटला नव्हता!

"मुद्दाम करतोस," ती त्याच्या टेबलाशी जाऊन हळूच म्हणाली.

"मग काय करू? दिवा पेटल्याशिवाय तू इकडे फिरकत नाहीस."

"तोंड नाही का तुला? हाक मारायची."

"तुझ्या कानात सदा हेडफोन..."

तिनं शुक्रवारचं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आता कानाला खडा, म्हणाला. नोकरीपेक्षा प्लोवदिव सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि प्लोवदिव म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं.

शुक्रवारी सकाळपासून रलित्साची नजर त्याच्यावरच. त्याची प्रत्येक ओळ तिनं दोनदा तपासली. दुपारी तिनं निःश्वास सोडून नवं बिल्ड लावलं — आणि लाल दिवा पेटला.

सगळ्यांच्या माना झिवकोकडे वळल्या. पेन्का उठली. रलित्सानं पडद्याकडे पाहिलं आणि तिला घाम फुटला. नव्या बिल्डला तिनं कालचाच नंबर दिला होता. एक नंबर दोन बिल्डांना चालत नाही, हे ती नवख्यांना शिकवायची.

झिवकोनं तिचा चेहरा पाहिला. काय झालं असेल ते त्याला उमगलं असावं, कारण तो लगेच उभा राहिला.

"माझंच काहीतरी चुकलं," तो म्हणाला. "मी जातो."

"खाली बस," रलित्सा म्हणाली. "चूक माझी आहे."

"तुझी?" पेन्का चष्म्यावरून बघत राहिली. "आजवर कधी नाही, ते आजच कसं? लिही कारण."

रलित्साची बोटं क्षणभर थबकली. काहीतरी थाप मारता आली असती... पण तिथं खोटं तिनं कधीच लिहिलं नव्हतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांदेखत एकेक अक्षर उमटत गेलं. 'नंबर वाढवायला विसरले. सकाळपासून लक्ष झिवकोकडे होतं. आवडतो मला. — रलित्सा.'

पेन्कानं चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"सोमवारी येऊन नेमणुकीचं पत्र घे," ती झिवकोला म्हणाली. "आणि रलित्सा, माझ्यासाठी पालक भरलेली बानित्सा आण."

सोमवारी बेकरीत रलित्सानं अख्खा ट्रे बांधून घेतला. मागून ओळखीचा आवाज आला.

"एक तरी ठेवा की मागच्यांसाठी."

ती वळली. तो मनगटावरचा धागा सोडत होता. दाराबाहेरच एक आलुबुखार फुलला होता, तो आज अखेर त्याला दिसला होता.

"ते पडद्यावरचं... आता कधीच पुसता येणार नाही, माहितीये ना?" त्यानं विचारलं.

"पुसायचं असतं," ट्रे त्याच्या हातात देत ती म्हणाली, "तर लिहिलं असतं का?"