निळा सोडून कोणताही रंग

किट गाडी पहिल्यांदाच बांधायला घेणाऱ्यांना आमचा क्लब माझ्याकडे पाठवतो. मी त्यांना आधी चहा पाजतो आणि बजावतो की आज खोकी उघडू नका. कोणी ऐकत नाही. साठ सालच्या एखाद्या उघड्या स्पोर्ट्स गाडीची हुबेहूब नक्कल सुट्या भागांत घरी येऊन पडलेली असते, आणि पन्नाशीची शहाणीसुरती माणसं नाताळच्या सकाळी पोरं बसतात तशी त्या खोक्यांत फतकल मारून बसतात. संध्याकाळी कुठला बोल्ट कुठल्या पिशवीतला हे देवालाही सांगता येत नाही.

मग मी बाकीचं सांगतो. कंपनीच्या पुस्तिकेवर फार भरवसा ठेवू नका. गाडी कधी पूर्ण होणार याची तारीख घरात सांगू नका. बॉडी चढवायच्या आधी वायरी ओढून घ्या, नाहीतर नंतर आत हात जात नाही आणि तोंडातून चांगले शब्द बाहेर येत नाहीत. आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. ठरलेल्या जोराला पोचला की हा पाना टक् असा आवाज करतो. तो आवाज ऐकला की बारीक ब्रशने नटावरून थेट चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, रंगाची एक रेघ ओढा. पुढे कधी ती रेघ मधेच तुटलेली दिसली तर नट फिरला असं समजायचं. बांधणाऱ्याचा रंग वेगळा, तपासणाऱ्याचा वेगळा. माझा पांढरा. तुम्ही कोणताही घ्या, निळा सोडून.

निळा का नको, असं सगळेच विचारतात. नीट दिसत नाही, असं मी सांगून टाकतो. खरं तर तो फार छान दिसतो.

मी इंग्लंडात लिंकनशरमधल्या लाउथ गावचा. आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. इमारतीचा मालक कितीही गोड बोलला तरी दोर स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही गेली नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पबमधून उठून घरी जातो. एवढं आधी सांगून ठेवतो.

रोवेना स्केल्टन माझ्याकडे आली ती गेल्या वर्षी, पानगळ चालू असताना. प्राण्यांच्या दवाखान्यात ती फोन घेते. कधी सायकलची चेनसुद्धा बसवलेली नव्हती, पण किट मागवून मोकळी झाली होती. कारण तिचे वडील. हेडली स्केल्टनने सगळी नोकरी लाउथ ते मेबलथॉर्प या एकाच मार्गावर बस चालवण्यात काढली. डोळे कायम रस्त्यावर. त्या वाटेवरची टेकाडं, शेतं, पवनचक्की, शेवटी दिसणारा समुद्र, हे सगळं प्रवाशांनी पाहिलं, त्याने नाही. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याला त्याच रस्त्याने डावीकडच्या सीटवर बसून, उघड्या गाडीतून, मान हवी तिकडे वळवत जायचं होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात तो दोनदा आजारी पडला होता. उशीर करून चालणार नव्हतं, हे रोवेनाला माहीत होतं आणि ती ते बोलत नव्हती.

तिचा रंग पिवळा. मी शनिवारी तिच्या गॅरेजात जायचो, तिने आठवडाभरात आवळलेले बोल्ट तपासायचो आणि पिवळ्या रेघेशेजारी माझी पांढरी ओढायचो. हेडली हीटरजवळ घडीच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन बसलेला. त्याची बडबड अखंड चालू.

"ऑब्री, तू लिफ्टवाला. वर आणि खाली, एवढंच तुला कळतं. गाडी पुढे जाते रे."

"आणि तू ब्रेक मारून मारून म्हाताऱ्या बायकांच्या पिशव्या सांडायचास. लाउथमध्ये अजून आठवण काढतात."

मला त्या शनिवारांची ओढ लागली होती. माझी बायको गेल्यापासून माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं.

पुढच्या सस्पेन्शनचं काम झालं त्या आठवड्यात मी गाडीखाली आडवा झालो, टॉर्च लावला, आणि पाहतो तर त्या आठवड्यातल्या प्रत्येक बोल्टावर दोन रेघा. रोवेनाची पिवळी, आणि तिच्याशेजारी एक निळी. फिकट निळी. हात एकदम सरळ, कुठे ओघळ नाही.

"तू दुसऱ्या कोणाला तपासायला बोलावलं होतंस का?" मी खालूनच विचारलं.

"नाही. का?"

"मग हा निळा कोणाचा?"

"मला वाटलं तुमचाच. मागच्या वेळचा असेल, पांढरा संपला म्हणून."

"मागच्या वेळी हे बोल्ट बसलेच नव्हते, रोवेना."

हेडली खुर्चीतून म्हणाला, "भाडं मागतोय का तो? नाही ना? मग बसू द्या की."

गॅरेजची किल्ली एकच, ती रोवेनाच्या पर्समध्ये. घरात निळा रंग नाही, शेजारीही नाही. मी विचारून आलो. हेडलीला उठून उभं राहायला आधार लागायचा, त्यामुळे तो गाडीखाली शिरणं शक्य नव्हतं. मी जुने-नवे सगळे बोल्ट पुन्हा तपासले; जुन्यांवरही माझ्या पांढरीशेजारी निळी होती. टक्, टक्, टक्. सगळे बरोबर. एक सोडून. मागच्या शनिवारी मीच पास केलेला, माझी पांढरी रेघ असलेला स्टिअरिंगजवळचा एक बोल्ट होता. तेवढ्यावर निळी रेघ नव्हती. त्याला पाना लावला तर तो पाव फेरा फिरला आणि मग टक् वाजला.

मला भीती वाटली नाही. राग आला. माझ्यामागे कोणीतरी माझंच काम तपासत होतं, आणि माझ्याहून चांगलं.

इंजिन आणि स्टिअरिंग एका भंगारात निघालेल्या जुन्या गाडीचे होते. अशा किटला ते कुठूनतरी घ्यावेच लागतात. मी त्या गाडीच्या आधीच्या मालकाचा माग काढला. मनात काय होतं ते उघडच आहे. मालक ॲलफर्ड गावी आपल्या बागेत लीकच्या, म्हणजे कांद्यासारख्या भाजीच्या, गड्ड्यांना माती लावत होता. धडधाकट. गाडीला कधी अपघात झाला होता का, असं मी चाचरत विचारलं तेव्हा तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मी मेलोय असं ऐकून आलात काय?" जाताना त्याने मला दोन गड्डे दिले.

मग मी एक गंमत केली. मागच्या ॲक्सलचा एक बोल्ट रोवेनाने बरोबर आवळला होता. ती हेडलीला घरात घेऊन गेली तेव्हा मी तो जरा सैल केला आणि तिची पिवळी आणि माझी पांढरी रेघ पुसून दोन्ही रंग पुन्हा असे लावले की कोणाला संशयही येऊ नये. कोणाला बोललो नाही. पुढच्या शनिवारी मागची सगळी बाजू निळ्या रेघांनी भरली होती. तेवढ्या एका बोल्टावर निळी नव्हती.

मी रोवेनासमोर तो आवळला, टक् वाजल्याचं तिला ऐकवलं, आणि आम्ही तिघं चहाला आत गेलो. गॅरेजला कुलूप लावून किल्ली मी टेबलावर, बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवली. ऊन खिडकीतून टेबलावर येत होतं. परत येऊन मी गाडीखाली सरकलो.

निळी रेघ होती. मी बोट लावलं. रंग ओला होता.

रोवेनाने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ऑब्री, तो जो कोणी आहे, तो गाडी नीट व्हावी म्हणूनच करतोय ना?"

"तसं दिसतंय खरं."

"मग मला चालेल." आणि तिने पाना उचलला.

खरं सांगायचं तर त्यानंतर काम भराभर झालं. आम्ही दोघंही निर्धास्त झालो. निळी रेघ नसेल तिथे पुन्हा पाना लावायचा, बस. गाडीत आता चूक राहणं शक्य नव्हतं. शनिवारी गॅरेजचं दार उघडताना आज कुठे कुठे रेघ आली असेल याची मला उत्सुकता असायची. बॉडी चढली, सीट बसल्या, सीटबेल्ट बसले.

आणि सगळीकडे निळ्या रेघा आल्या, फक्त डावीकडच्या सीटबेल्टच्या बोल्टावर नाही.

मी पाना लावला. लगेच टक्. बोल्ट काढून नवा घातला. लगेच टक्. आठवडा गेला, रेघ नाही. भोक वाकडं आहे का ते पाहिलं, चासीचा वेल्ड भिंगातून पाहिला, खालची पट्टी बदलून जास्त जाड टाकली. मी ज्या बोल्टावर लिफ्ट लटकवली असती, असा तो बोल्ट होता. शेजारी उजवीकडे रोवेनाच्या बाजूला निळी रेघ ठसठशीत. डावीकडे नाही.

सरकारी तपासणीत गाडी पहिल्याच फेरीत पास झाली, जे सहसा होत नाही. तपासनीस खाली वाकून रेघा पाहत म्हणाला, "तिघांनी तपासलीय. सगळ्यांनी असं करायला हवं." डाव्या सीटबेल्टला त्याने स्वतः हिसके देऊन पाहिले आणि मान डोलावली.

मे महिन्यात हेडलीचा वाढदिवस. त्या दिवशी मेबलथॉर्पला जायचं ठरलं. आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि रोवेनाला म्हणालो की थोडं थांबू या.

"कशासाठी?" ती म्हणाली. "बोल्ट बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"तुम्ही पांढरी रेघ मारलीत?"

"मारली."

"मग मी डॅडना काय सांगू? की कोण जाणे कोणी एक रंग लावला नाही म्हणून तुम्ही घरी बसा?"

खुर्चीतून हे सगळं ऐकणाऱ्या हेडलीने तिला चहा करायला आत पिटाळलं आणि मला जवळ बोलावलं. त्याचा हात घोंगडीवर होता, कातडी कागदासारखी पातळ झालेली.

"तू उगाच त्या बोल्टाच्या मागे लागलायस," तो हळू आवाजात म्हणाला. "बोल्टात काही नाहीये रे. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मालावर कुठला इन्स्पेक्टर रेघ मारून देईल? तू मारली असतीस?"

"हेडली, असं बोलू नकोस."

"तिला सांगू नकोस. मला समुद्र बघायचाय."

मी सांगितलं नाही. आजही मला वाटतं, त्यात मी चूक केली नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी माझ्या गाडीतून त्यांच्या मागे होतो. पुढे हेडलीची टोपी सारखी इकडून तिकडे वळत होती. पवनचक्कीपाशी त्याने हात वर केला आणि रोवेनाने गाडी इतकी हळू केली की मागे रांग लागली. कोणी हॉर्न दिला नाही. मेबलथॉर्पला वाळूच्या बंधाऱ्याजवळ तिने गाडी समुद्राकडे तोंड करून उभी केली. हेडलीने उतरायला नकार दिला. सीटबेल्टही सोडला नाही. गाडीतच चिप्स खाल्ल्या, व्हिनेगर कमी आहे म्हणून कुरकुरला.

"काय रे, लिफ्टवाल्या," तो मला म्हणाला. "हे सगळं इथेच होतं म्हणतोस इतकी वर्षं?"

रोवेना आइसक्रीम आणायला गेली. मी बंधाऱ्याच्या कठड्याला टेकून समुद्र बघत होतो. ती दोन कोन घेऊन परत आली, गाडीपाशी थांबली, आणि तिने मला हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. तेव्हा मला कळलं.

टोपी अजून त्याच्या डोक्यावर होती. सीटबेल्टचा बोल्ट घट्ट होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्याला आता महिना झाला. रोवेनाला तिची गाडी बाहेर काढायचा धीर होत नाही. परवा तिने फोन केला. हेडलीची राख तिला समुद्रावर न्यायचीय, त्याच रस्त्याने. "तुमच्या गाडीतून नेता का, रविवारी?" मी हो म्हणालो. मला खूप बरं वाटलं.

आज शनिवार. सकाळी मी माझं गॅरेज उघडलं. गाडी मी तरुणपणी बांधलेली, रेघा माझ्या पांढऱ्या आणि तपासणाऱ्या मित्राच्या लाल. तो मित्र जाऊनही जमाना झाला. लांब जायचं म्हणून एकदा नजर टाकावी, एवढाच विचार होता.

आत ताज्या रंगाचा वास होता.

पुढे निळ्या रेघा. मागे निळ्या रेघा. चाकांना, स्टिअरिंगला, ब्रेकला. हात तोच, सरळ, कुठे ओघळ नाही.

डावीकडे, रोवेना बसेल तिथल्या सीटबेल्टच्या बोल्टाला निळी रेघ आहे. मला आधी तेच बघायचं होतं. हायसं वाटलं.

मग मी उजवीकडे, माझ्या सीटबेल्टच्या बोल्टाशी आलो. पांढरी आहे, लाल आहे. मी पाना लावला.

लगेच टक् वाजला.