चौथी वायर

काम संपलं की माणसानं हाक मारून सांगावं, चहा घ्यावा, मग जावं. रीत आहे ती. सिद्धोधननं ती मोडली — सकाळी सकाळी आला, एक वायर खुपसली आणि चोरासारखा चपला हातात धरून निघून गेला. लेकीचं लगीन पार पडलं, पाहुणे पांगले, तरी कुसुमबाईच्या मनातून हे काही जात नव्हतं.

परभणीत कुसुमबाईचं मुलींचं वसतिगृह. खाली मेस, वर दोन मजले, गच्चीवर अभ्यासाची खोली. नेट मिळत नाही म्हणून पोरींचा रोजचा कालवा, त्यापायी तिनं वायफाय बसवणाऱ्या या पोराला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी जिन्यात त्याच्या खांद्यावरचं वायरीचं भेंडोळं सुटलं आणि घरंगळत आलं ते थेट धाकट्या लेकीच्या, रोहिणीच्या पायांत.

"बांधून न्यायलाव का मला?" रोहिणी म्हणाली.

"थांबा म्हनलं तर थांबताल का?"

एवढं बोलून पोरगं असं लाजलं, की वायर गोळा करायचीच विसरलं.

मेसच्या कोपऱ्यात भिंतीवर छोटा राउटर बसवला. प्रत्येक मजल्यावर वायफायचा एक पांढरा डबा, एक मेसमध्ये, एक गच्चीवर. मेस आणि पहिला मजला एकाच डब्यावर भागेल असं कुसुमबाईला वाटलं होतं. सिद्धोधन म्हणाला, भिंती जाड आहेत, चारच लागतील. चारी डब्यांच्या वायरी खाली राउटरला येणार, आणि राउटरला भोकंही चारच. तीन वायरी लागल्या.

"चौथं भोक मेलंय, मावशी," तो म्हणाला.

"मंग नवा आन की."

"आनतो... बघतो काय करता येतं."

ते बघणं काही संपेना. दर आठवड्याला यायचा. दुसऱ्या मजल्याची वायर काढून गच्चीची लावायचा, पुढच्या खेपेला उलटं. पोरी वैतागायच्या. रोहिणी तेवढी वैतागत नसे. मोबाइल घेऊन ती गच्चीवर जायची आणि हा राउटरपाशी, फोन मोठ्या आवाजात ठेवून.

"नेटच्या किती काड्या दिसायल्यात?"

"दोन."

"आन आता?"

"तीन... तुमी बोलत राहा, वाढायल्यात."

"माझ्या बोलण्यानं न्हाई वाढत त्या."

"तुमाला काय म्हाईत? तुमी तर खाली बसलाव."

पलीकडं भाकरी थापणारी कुसुमबाई बहिऱ्यासारखं तोंड करायची. मोठे दोन्ही जावई मास्तर. हा खांद्यावर शिडी घेऊन गावभर फिरणारा. पण जेवल्यावर ताट स्वतः घासून ठेवायचा, हेही तिनं पाहिलं होतं. विचारायला आला तर पहिल्या खेपेला काय म्हणायचं, ते तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्या खेपेला काय म्हणायचं... तेही.

मग एका दुपारी गच्चीवरून आवाज आला.

"उद्या नांदेडचे पाहुणे यायलेत. मला बघायला."

सिद्धोधनच्या हातातली पक्कड थांबली. कुसुमबाईचा भाकरीवरचा हातही थांबला.

"...हां का," तो म्हणाला.

"हां," रोहिणी म्हणाली. "अजून काई इचारायचं हाय का तुमाला?"

"काड्या... काड्या किती हायत?"

फोन बंद झाला.

दुसऱ्या सकाळी नवी साडी नेसून रोहिणी गच्चीवर गेली, तर दुसऱ्या मजल्यावरचा आणि गच्चीवरचा, दोन्ही डबे हिरवे पेटलेले. कठड्यावरून वाकून पाहिलं, तर सिद्धोधन शिडी घेऊन फाटकाबाहेर पडत होता. चारही वायरी लागल्या होत्या. आता त्याला यायचं काही कारणच उरलं नव्हतं. ती तिथंच कठड्याला टेकून उभी राहिली — खाली पाहुण्यांची गाडी वाजेपर्यंत. पोह्याच्या बशा दिल्यावर कुणी विचारलं, पसंत हाय का, तर मान डोलावली. रडली नाही. ते कुसुमबाईला जास्त लागलं.

लेक नांदेडला गेली. मग एक दिवस कुसुमबाईनं फोन करून सिद्धोधनला बोलावलं, गच्चीवरचा डबा बंद पडलाय म्हणून.

"जय भीम, मावशी." पोरगं वाळलं होतं. राउटरपाशी वाकलं, थबकलं. "ही वायर कुनीतरी उपसलीय."

"मी उपसली. हे भोक मेलं व्हतं ना रे?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई मावशी. चांगलंच व्हतं."

"मंग तोंड का उघडलं न्हाईस?"

"तुमी न्हाई म्हनताल वाटलं."

कुसुमबाईनं पदरानं हातांचं पीठ पुसलं.

"म्हनलेच असते. तोंडावर म्हनले असते. आन तू दुसऱ्यांदा येतूस का, त्याची वाट बघितली असती. चांगल्या भोकासाठी दर आठवड्याला ह्या दारात आलास. माझ्या लेकीसाठी एक नकार घ्यायला यायचं तुला जमलं न्हाई. वाईट न्हाईस तू, सिद्धोधन. भित्रा हायस. आन भित्र्याला पोरगी द्यावी लागली न्हाई, म्हनून मला बरं वाटाय पायजे — ते बी वाटंना. लाव ती वायर, आन जा."