पिंजऱ्याची बाही

डासांच्या खोलीतलं सकाळचं पहिलं काम म्हणजे साखरपाण्याचे बोळे बदलणं. धाकटी गेल्यापासून ते थोरलीच करायची. "संशोधक बाईंना ही हलकी कामं शोभत नाहीत," असं साहेब म्हणाले होते. साहेबांना काय शोभलं नव्हतं, ते थोरलीच्या जिभेवर होतं. पण पुराव्याशिवाय बोलून उपयोग नव्हता.

धाकटी याच खोलीत कामाला होती. डासांच्या माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं. पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून हात आत घालून ती ते पाजायची, आणि लहानपणी सुई टोचून घेताना करायची तसा दुसऱ्या हाताने थोरलीचा हात घट्ट धरायची. वर थट्टाही तिचीच. "तू बघू नकोस हं ताई, चक्कर तुलाच येईल!"

मग एकदा पाहुणे आले. त्यांना दाखवायला साहेबांनी मलेरियाची लागण केलेल्या डासांचा पिंजरा कुलपातून काढून इथे आणला, आणि परत नेताना भलताच उचलला; लागणीचा इथेच राहिला. थोरलीची तशी खात्रीच होती. धाकटी तापाने गेली. "पिंजरा जागचा हललाच नाही, ताप तिने बाहेरून आणला," म्हणत साहेबांनी हात झटकले आणि सगळे डास गोठवून मारले.

आताचे डास त्यानंतर अंड्यांतून निघालेले, नुसत्या साखरपाण्यावर वाढलेले. माणसाचा हात त्यांनी पाहिलाच नव्हता. तरी आज माद्यांची पोटं लाल होती, टच्च फुगलेली.

थोरलीला आधी संतापच आला. कुणाला सुचतात असले चाळे? तिने बाहीला गाठ मारली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोटं पुन्हा लाल.

तिने डास चिरडून रक्ताची जनुकीय तपासणी केली. तपासणीत कुणाचं रक्त चुकून मिसळलं तर कळावं म्हणून कर्मचाऱ्यांचे नमुने तिथे ठेवलेलेच असत. रक्त धाकटीचं निघालं. त्यात मलेरियाचे जंतू होते, आणि त्यांच्या जनुकांत याच प्रयोगशाळेने घातलेली खूण होती.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक साहेबांकडे गेली.

"नमुने मिसळलेत," साहेब म्हणाले. "आधी हात नीट धुवायला शिका. तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो."

"समजू नका. खोलीत चला."

खोलीत लख्ख उजेड होता. थोरलीने पिंजऱ्याकडे बोट केलं. "इथले डास स्वच्छच असतात ना? मग घाला हात."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले.

गाठ मारलेली बाही हलली. रिकामं कापड हळूहळू भरत गेलं, कोपरापर्यंत.

आत एक मादी हवेतच बसली. मग दुसरी. त्यांच्याखाली काहीच नव्हतं.

बघता बघता डासांचा एक हात उमटला. पाच बोटांचा. पोटं लाल होऊ लागली.

साहेब दाराकडे सरकले.

"थांबा!" थोरली ओरडली. "आता तरी बोला. पिंजरा हलला होता?"

"हलला होता," साहेब पुटपुटले. "माझ्या हातून बदलला."

थोरलीच्या मोकळ्या हातात कुणाची तरी बोटं शिरली. तिने खाली पाहिलं नाही. ओळखीची पकड होती, घट्ट.

हात तापाने फणफणला होता.