मागच्या भिंतीचं दार

घनसावंगीच्या बाजारात, एका कापडदुकानाच्या माडीवर दैवशाला मुलींना जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवायची. त्यातला ऑब्जेक्ट म्हणजे काय ते पुस्तकातून पटकन कळत नाही, म्हणून ती उदाहरणाला घरातल्या वस्तू घ्यायची. त्या दिवशी तिने तांब्या घेतला. महिरपी कंसात लिहिलं: धातू, पितळ. पोचे, एक.

"झाली वस्तू तयार," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी ओट्यावर पोचा पडलेला पितळी तांब्या होता.

"हा कुणी आणला?"

"आणला काय? माझ्या लग्नातला हाय," सासू सगुणाबाई म्हणाल्या. "रोज तूच घासतीस की."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम तीन पायांची खुर्ची लिहिली. घरी आली, तर ती भिंतीला टेकवून ठेवलेली. बैठकीवर धुळीचा जाड थर.

"पाय कवाच मोडलाय तिचा," नवरा, कल्याण, मान वर न करता म्हणाला.

दैवशालाने दोघांना सगळं सांगून टाकलं. कल्याण म्हणाला, "उद्यापासून क्लास बिलकुल बंद."

सकाळी सगुणाबाईंनी पुढच्या दारात आडवी बाज टाकली आणि तिच्यावर गहू निवडत बसल्या.

दैवशालाला भीती वाटायला हवी होती. तिला संताप आला. भर दुपारी तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लिहिलं: दार. जागा, मागची भिंत. रंग, निळा. उघडतं, हो.

मान वर केली. भिंतीत दार होतं. रंगाचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. पलीकडून जीपवाल्यांच्या हाका येत होत्या, "अंबड, अंबड!"

"ते नको उघडू," मागे उभा असलेला कल्याण पुटपुटला. "ते आजपर्यंत कुणीच उघडलं न्हाई."

"मंग मी उघडते."

बाहेर लख्ख ऊन होतं. नेहमीचीच गल्ली. तिने खांद्यावरची पिशवी सावरली आणि मागे वळून पाहिलं. उंबऱ्यात सगुणाबाई उभ्या होत्या.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

सासूने तिला कधीच अहो-जाहो केलं नव्हतं.

दैवशाला थांबली. त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओळखही नव्हती.

ती ताठ उभी राहिली.

"कुणीच न्हाई. मी क्लासला निघाले."

दार लागलं. आतून कल्याणने विचारलं, "कोण आल्तं?"

"कुणी न्हाई," आतूनच उत्तर आलं.

आवाज दैवशालाचा होता.