हिरवा मणी

सकाळच्या चहाच्या रांगेत व्यसनमुक्ती केंद्रातली माणसं आता एकमेकांच्या गळ्याकडे बघत. प्रत्येकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक मणी होता. तो दिवसभराचं बोलणं ऐके, आवाजातला चढउतार आणि थकवा मोजी, आणि माणूस आतून खचलेला असला की पिवळा होई. एरवी हिरवा. कंपनीने त्याचं नाव 'स्वरवेध' ठेवलं होतं, पण इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी पहिल्याच दिवशी त्याची 'माळ' करून टाकली.

ही माळ इथे आणली समुपदेशक अरुंधती चौगुलेने, चांगली भांडून. 'दारू सुटली की उदासी आपोआप जाते' असं म्हणत केंद्रात वर्षानुवर्षं सगळे हात झटकत आले होते. असाच एकजण घरी गेला आणि आठवडाभरात त्याने जीव दिला. अरुंधतीला ते सोसलं नाही. दारू आणि नैराश्य यांवर एकत्रच उपचार केले तर माणूस टिकतो, हे सिद्ध करणारे अभ्यास तिने केंद्रप्रमुख डॉ. मगदूमांपुढे ठेवले आणि त्यांचा पिच्छाच पुरवला. माळ पिवळी झाली की गोळ्या आणि समुपदेशन सुरू, महिनाभर हिरवी राहिली की घरी, हा नियमही तिचाच. पहिल्या तुकडीतली माणसं खरोखर सुधारली.

मग पिवळे मणी दिसेनासेच झाले. मगदूमांनी पेढे वाटले. अरुंधतीच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

एका दुपारी धुण्याच्या दगडापाशी तिला उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी घरी जाणारा बाळगोंडा, पन्नाशीतला यंत्रमाग कामगार, एका नव्या माणसाला शिकवत होता.

"पिऊन घरात शिरताना कसा चालायचास? तोंडात बडीशेप, पाय सरळ. तसाच आवाज सरळ ठेवायचा. बोलणं संपताना जरा वर उचलायचा. लईच वाईट वाटाय लागलं तर गप बसायचं."

अरुंधतीच्या ध्यानात आलं. या केंद्रात आजवर जे जे मोजलं गेलं, ते पकडण्यासाठीच: श्वासाची चाचणी, पिशव्यांची झडती. त्यात वारकऱ्याची तुळशीची माळ घातली म्हणजे दारू सोडली, ही तर आजोबा-पणजोबांपासूनची रीत. मग मणी पिवळा झाला म्हणजे शपथच मोडली. तिने दुखणं सांगायची सोय आणली आणि त्यांनी ती पोलिसांची चौकी समजून चुकवली. घरच्यांना जन्मभर चकवलेल्या माणसांपुढे मण्याची काय मात्रा चालणार? स्वतःच्या भाबडेपणाचा तिला भयंकर राग आला.

तिने बाळगोंडाला खोलीत बोलावलं.

"मामा, माळेचं सोडा. मला खरं सांगा."

तो नखांकडे बघत बोलू लागला. "झोप न्हाई, ताई. माग बंद पडला तवापासनं कानात नुसता खडखडाट. घरी जाऊन करू काय? पोरगी कमावती हाय, आईला सांभाळंल. मी नसलो तर त्यांचं बरंच हुईल."

बोलता बोलता तो रडायला लागला. आवाज उचलायचंही त्याला भान राहिलं नाही. अरुंधतीने त्याच्या गळ्याकडे बघितलं. मणी हिरवाच होता.

माळ रोज शिकते, हे तिला ठाऊक होतं. हिरव्या मण्याने घरी गेलेल्यांचे आवाज 'बरा झालेला माणूस' म्हणून ती साठवते. त्या आवाजांखालचा दडपलेला थकवाही माळेने बरेपणातच धरला होता. म्हणून आता खरं रडणंही तिला हिरवंच वाटत होतं.

ती तडक मगदूमांकडे गेली.

"मणी हिरवा आहे, अरुंधती," ते म्हणाले. "पुरावा, पुरावा म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस ना?"

"सर, तो माझ्यासमोर रडला. मरायचं बोलतोय."

"घरी जायच्या आदल्या दिवशी सगळेच रडतात."

"मी त्याला सोडणार नाही. माझा नियम मी मोडतेय असं लिहा हवं तर."

मगदूमांनी मान डोलावली. "एकाला ठेव. पण सोमवारपासून आपल्याकडे शिकलेली हीच माळ जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत जातेय. तिथे कुणाकुणाला ठेवशील?"

ती खिडकीपाशी गेली. बाहेर अंगणात जेवणाची पंगत बसली होती. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम हसले. सगळे मणी हिरवे होते. भिंतीपाशी बाळगोंडाही डोळे पुसून त्यांच्यात हसत होता. यांतलं खरंच कोण हसतंय, हे आता तिने कुणाला विचारायचं?